मोडी एकदा गेली. आता कर्सिव्हचे काय?

अध्यक्ष महोदय आणि नाशिककर श्रोतेहो,

संगणकाच्या काळात शाळांनी मुलांना जोडून, वळणदार लिहायला शिकवत राहावे काय, हा आजचा विषय आहे. पत्रिका हाती पडल्यापासून भेटणारा प्रत्येक जण मला आपले मत ऐकवतो आहे. काही पालक म्हणतात की मुले आता मोबाइलशी बोलतात आणि मोबाइलच लिहितो, मग चाररेघी वह्यांचा भार कशाला? काही निवृत्त शिक्षक म्हणतात की अक्षर गेले की शिस्त गेली. या दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हीकडचे लोक हा प्रश्न काल-परवा परदेशातून आला असे समजून बोलतात. महाराष्ट्राने हा प्रयोग एकदा करून झालेला आहे. आपण आपली जोडून लिहायची लिपी, मोडी, शाळेतून काढली आणि त्याचे परिणाम आपल्याच जुन्या कागदपत्रांच्या दप्तरांत आजही दिसतात. म्हणून कर्सिव्हविषयी, म्हणजे इंग्रजीच्या जोडून लिहायच्या वळणाविषयी, बोलण्याआधी मी मोडीविषयी बोलणार आहे, आणि त्याला वेळ लागणार आहे.

मोडी कशासाठी होती, हे आधी लक्षात घेऊ. पानावर प्रथम आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे, ही तिची रीत होती. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. इकार एकच, उकारही एकच. सारी रचना वेगासाठी होती. ग्रंथ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहावा आणि कारभार मोडीत करावा, अशी वाटणी मराठी माणसाने काही शतके पाळली. परंपरा तिचे श्रेय हेमाडपंतांना देते, पण शिवकाल, पेशवाई आणि इंग्रजी अमदानी अशा प्रत्येक काळात तिचे वळण बदलत गेले, यावरूनच ती नित्य वापरातली लिपी होती हे कळते. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, दप्तरे छापील नमुन्यांवर गेली आणि स्वातंत्र्यानंतरच्या थोड्याच वर्षांत मोडी शाळेच्या तासातूनही गेली. त्या वेळी कोणी फारसे हळहळले नाही, कारण मोडी वाचणारी मोठी माणसे घरोघरी होती.

आता मी आपणांस रामकुंडावर नेतो. माझ्या चुलतभावाची मुलगी पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करते. गेल्या पितृपक्षात ती आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन नाशिकला आली आणि म्हणाली, "काका, आपल्या घराण्याच्या नोंदी उपाध्यायांकडे आहेत असे बाबा सांगायचे, त्या मला पाहायच्या आहेत." आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी गेलो. मूळ गाव आणि आडनाव विचारून त्यांनी आतून कापडात बांधलेली वह्यांची गाठोडी आणली. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आलेल्या यजमानाने स्वतःच्या हाताने लेख लिहून द्यायचा, वडील-आजोबांची, भावांची, मुलांची नावे घालायची आणि खाली सही करायची, ही जुनी चाल आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहेच. पहिला लेख तिच्या वडिलांचा निघाला. निळ्या बॉलपेनचा, सरळ बाळबोध. तो तिने मोठ्याने वाचला. त्याआधीचा तिच्या आजोबांचा. मजकूर बाळबोध, पण सही मोडी. सहीपाशी ती थांबली. त्याआधीचा पणजोबांचा लेख बोरूने लिहिलेला, शाई तपकिरी पडलेली, ओळीची रेघ मात्र कशी एका दोरीत चाललेली, आणि अक्षर सगळे मोडी. उच्चशिक्षित, रोज मराठी वाचणारी मुलगी, पण सख्ख्या पणजोबांच्या हातचे एक अक्षर तिला लागेना. उपाध्यायांनी ते घडाघडा वाचून दाखवले, तेव्हा घरात कधी कोणी न उच्चारलेले एका आत्याचे नाव तिला प्रथमच कळले.

मग तिचा लेख लिहायची वेळ आली. तिने पेन घेतले आणि म्हणाली, "काका, शाळा सुटल्यापासून मी हाताने मराठी लिहिलेलेच नाही." नावे थोडीच होती, पण चौथ्या ओळीशी येईतो तिची बोटे अवघडली. वेळ वाचवण्यासाठी तिने शिरोरेघ सोडून दिली. शिरोरेघ गेली की मराठीत काय होते पाहा. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक वरच्या रेघेच्या फटीवर उभा असतो. ती रेघच नसली तर वाचणाऱ्याने अंदाज करायचा. तिच्या लेकीने वाकून वाचायला सुरुवात केली आणि आपल्याच आजोबांचे 'माधव' हे नाव 'माघव' असे वाचले. त्या मुलीला इंग्रजी कर्सिव्ह उत्तम येते, कारण तिची शाळा ते घोटून घेते. जोडून आणि झरझर लिहायचे मराठी तिला कोणी शिकवलेले नाही, तिच्या आईलाही कोणी शिकवलेले नव्हते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, आणि आज मी येथे उभा आहे तो त्यामुळेच.

याच नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्या केलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनाला दिला आहे. ओळी कशा असाव्यात, ग्रंथातले पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे कसे दिसावे, इतके बारकावे त्यात आहेत. अक्षराकडे इतक्या आस्थेने पाहणाऱ्या मुलखात मोडी दोन पिढ्यांत परकी झाली. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर सुरू झाले, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना बोलावून कागद वाचून घ्यावे लागले. लिहिणे थांबले की मागोमाग वाचणेही थांबते, हा त्यातला धडा.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा शीर्षकात कबूल केलेले आता थोडक्यात सांगतो.

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेल्या २०१०च्या सामाईक अभ्यासक्रमात कर्सिव्ह नव्हते. २०२२ साली हार्वर्डच्या माजी अध्यक्ष ड्रू गिल्पिन फाउस्ट यांनी लिहिले की त्यांच्या वर्गातील सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांना कर्सिव्ह वाचता येत नव्हते; आणि तो वर्ग इतिहासाचा होता. तेथील राष्ट्रीय अभिलेखागार आज जुने हस्तलिखित कागद वाचण्यासाठी स्वयंसेवकांना साद घालते, म्हणजे आपण मोडीवाचक शोधतो तसेच. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीला कर्सिव्ह पुन्हा आणले. फिनलंडने हस्ताक्षर बंद केले असे आपल्याकडे सांगितले जाते, ते खरे नाही. २०१६ पासून तेथे जोडून लिहायच्या वळणाची सक्ती गेली, पण सुटी अक्षरे हाताने लिहायला शिकवतातच. फ्रान्समध्ये मुले पहिलीपासून जोडूनच लिहितात.

मेंदूविषयी अतिशयोक्ती करू नये. नॉर्वेतील संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजल्या; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टंकलेखनापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील जोडणी अधिक व्यापक आढळली. हा हाताने लिहिण्याच्या बाजूचा पुरावा आहे. सुट्या अक्षरांपेक्षा जोडलेली अक्षरे श्रेष्ठ, असे त्यातून सिद्ध होत नाही. कर्सिव्ह टिकवायचे ते दोन कारणांसाठी: हाताला वेग येतो आणि जुने वाचता येते. वेगाची गरज संपलेली नाही. दहावीचा पेपर हातानेच लिहायचा असतो आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. त्या परीक्षेच्या तयारीसाठी अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींना विचारा, तीन तास हात चालवणे किती अवघड जाते.

आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, आणि तेव्हापासून वळण घोटण्याचा वेळ चाररेघी वहीकडे सरकला, असे मला वर्गात शिकवताना दिसले. दुरेघी वहीतली पुस्ती दुसरी-तिसरीनंतर थांबते; सातवी-आठवीत वेगाची खरी गरज पडते तेव्हा मूल आपापला मार्ग काढते, शिरोरेघ टाकते आणि मग 'अक्षर घाण' म्हणून गुण गमावते. इंग्रजीला वेगाचे वळण शिकवायचे आणि मातृभाषेला नाही, हा अन्याय आहे. म्हणून माझे मागणे असे: इंग्रजी कर्सिव्ह तिसरी-चौथीत शिकवावे, वाचता येणे सर्वांना आवश्यक ठेवावे, पण प्रत्येक उत्तर त्याच वळणात हवे हा हट्ट सोडावा आणि वळणाचे गुण कापू नयेत. पाचवीपासून आठवड्याचा एक तास मराठी झरझर आणि वाचनीय लिहिण्याला द्यावा. शब्द पूर्ण करून मग एका ओढीत शिरोरेघ द्यायची, ध-भ यांची गाठ सुटू द्यायची नाही, एवढे शिकवले तरी खूप साधेल. आणि आठवीच्या इतिहासाच्या तासांतून मोडीची मूळाक्षरे ओळखण्यापुरता वेळ काढावा. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये स्थान आहे, त्यामुळे सरावाचे पान संगणकावर तयार करून वर्गभर वाटता येते.

सभागृहात काही शाळांचे मुख्याध्यापक बसलेले मला दिसत आहेत. येत्या जूनच्या वेळापत्रकात तो एक तास कोठे बसेल, ते त्यांनी प्रश्नोत्तरांत सांगावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.