प्रार्थनेचा डोस मोजायचा कसा?

(नाशिक येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

औषधाची चाचणी कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. आता गोळीच्या जागी प्रार्थना ठेवा. आपल्या नाशकात पेशंट आयसीयूत गेला की बहीण नवश्या गणपतीला नवस बोलते, मामा त्र्यंबकेश्वरी महामृत्युंजयाचा जप लावतात आणि शेजारच्या काकू नाशिकरोडला बाळ येशूपुढे मेणबत्ती लावून येतात. मग ज्याच्यासाठी कुणीच प्रार्थना केली नाही असा गट आणायचा कुठून?

अमेरिकेतही हीच पंचाईत झाली. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली बायपासच्या १८०२ पेशंटांवरचा अभ्यास छापला. घरच्यांना देवाचा धावा करू नका, असं कोण सांगणार? तेव्हा मोजली ती परक्यांनी केलेली जादाची प्रार्थना. तीही चौदा दिवस, ठरवून दिलेल्या शब्दांत. प्रार्थना करणाऱ्यांच्या हाती पेशंटचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, बस्स! संकल्पाला नाव-गोत्र विचारून घेणाऱ्या आपल्या गुरुजींनी हे चालवून घेतलं नसतं.

दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यातल्या प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र खात्रीने सांगितलं होतं, तुमच्यासाठी प्रार्थना होणार. तिथे गुंतागुंत ५९ टक्के! हा योगायोगही असू शकतो. पण ‘माझ्यासाठी प्रार्थना लावलीय, म्हणजे केस हाताबाहेर गेली की काय’ या धास्तीची शक्यता मला तरी हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

याहून गमतीचा अभ्यास इस्रायलच्या लायबोविची यांचा, २००१च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. रक्तात जंतुसंसर्ग झालेले ३३९३ पेशंट १९९० ते ९६ दरम्यान दाखल झालेले. त्यातल्या अर्ध्यांसाठी प्रार्थना केली २००० साली! पेशंट केव्हाच घरी गेलेले किंवा देवाघरी. तरीही प्रार्थनेच्या गटाचा ताप आणि इस्पितळातला मुक्काम कमी निघाला. हिशेब चोख, चिठ्ठ्याही चोख. पुढे त्यांनीच खुलासा केला, की पद्धत बिनचूक असली म्हणून काहीही मान्य कराल का, हेच त्यांना विचारायचं होतं.

त्याच अंकात, अगदी लगतच्या पानांवर, इटलीतल्या बर्नार्डी यांचा लेख आहे. तेवीस जणांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हूम्’ म्हणायला लावलं. दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. इथे प्रार्थना म्हणणारा आणि तपासला जाणारा माणूस एकच, म्हणून मोजमाप जमलं. मात्र तेवीसही जण धडधाकट होते. आजारी माणसावर हेच करून पाहायचं, तर जप आणि नुसता संथ श्वास असे दोन गट आधी वेगळे काढावे लागतील.