कोरड्या कागदावरचा उन्हाळा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की नागपूरचे रस्ते सकाळी दहा-साडेदहालाच ओस पडू लागतात, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही आणि घराघरांत कूलर घरघरत असतात. त्या वेळी अंबाझरी तलावाच्या काठी एका झाडाच्या सावलीत बसलेले हे वृद्ध चित्रकार सकाळचे दुसरे चित्र आवरत असतात. गेली पन्नास वर्षे त्यांनी निसर्गचित्रांखेरीज काही रंगवलेले नाही, आणि त्यांतली बहुतेक चित्रे उन्हाळ्याची आहेत.

निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणची हिरवाई येते. विदर्भाचा उन्हाळा सोसायचा असतो, तो कोणी रंगवत बसत नाही, असे आपण नागपूरकरही मानत आलो. त्यांचे म्हणणे असे की, पावसाळ्यात सारे रान एकाच हिरव्या रंगात बुडते आणि झाड ओळखू येते ते पाने गळल्यावर. फाल्गुनात रामटेकच्या वाटेवर पळस फुलतो, त्याचे कौतुक सगळेच करतात. हे मात्र कुसुमाच्या पालवीसाठी थांबतात, कारण तिचा तांबडा रंग थोड्याच दिवसांत हिरव्याकडे वळतो. पुढे साग उघडाबोडका होतो आणि ऐनाच्या खोडावरच्या, मगरीच्या पाठीसारख्या भेगा दुरूनही दिसू लागतात.

जमिनीकडेही त्यांचे तितकेच लक्ष असते. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड नागपूरपाशी येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी याच दगडाची आहे, आणि शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन, फिकट खडक लागतो. म्हणून त्यांच्या चित्रांत अमरावती रोडची माती वेगळी आणि भंडारा रोडची वेगळी असते.

ओल्या कागदावर रंग एकमेकांत मिसळू देण्याची जलरंगांची रीत इथे फारशी चालत नाही, कारण पारा 45 अंशांच्या आसपास असताना कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचे पाणी उडालेले असते. सुरुवातीला त्यांनी पाण्यात ग्लिसरिनचे थेंब घालून पाहिले, पुढे तो नाद सोडला आणि कोरड्या कुंचल्याच्या लहान फटकाऱ्यांवर हात बसवला. त्यांच्या सावल्यांच्या कडा धारदार असतात, ही टीका जुनीच आहे. टीकाकारांनी मे महिन्यात भर दुपारी एकदा बाहेर येऊन सावली पाहावी, एवढेच आम्ही म्हणू.

1821 आणि 1822 या वर्षांत इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे आभाळाचे अनेक अभ्यास रंगवले आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. आमच्या चित्रकारांनी ही सवय त्याच्याकडूनच घेतली आहे. चित्रावर ते सही करीत नाहीत. आज आवरलेल्या चित्राच्या मागे पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: नवतपा, दुसरा दिवस, सकाळी 9:40, वारा पश्चिमेचा, आभाळ पांढरे, पाणी तीनदा बदलले.