जंगलाला हात लावायचा की नाही?

मंडळी, जंगल वाचवा असं आपण सगळेच म्हणतो, पण वाचवायचं म्हणजे नेमकं करायचं काय, तिथे गाडी अडते. त्यासाठी आज एकच झाड घेऊया, जायंट सिक्वोया.

हे कॅलिफोर्नियातलं, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावरचं झाड, काही तर तीन हजार वर्षांच्या पुढची आहेत. साल इतकी जाड की साधा वणवा आला नि गेला तरी झाड उभं. आणि गंमत नाही सांगत, त्याला वणवा लागतोच! त्याचं शंकूसारखं फळ असतं ना, अंड्याएवढं, ते हिरवंच, बंद, वीस वीस वर्षं फांदीवर राहू शकतं, मग खालून धग लागली की वाळतं, खवले उघडतात, आणि आतलं नखाहून छोटं चपटं बी खाली पडतं, तिथे आगीने पाचोळा जाळून माती मोकळी केलेली असते, तिच्यात ते रुजतं.

तिथले मूळ रहिवासी मुद्दाम छोट्या आगी लावायचे. ते बंद केलं गेलं. 1935 मध्ये तर अमेरिकेच्या वनखात्याने ठरवलं की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. हेतू चांगलाच होता हो, पण वर्षानुवर्षं काडीकचरा साठत गेला, त्यात दुष्काळ, त्यात वाढलेली उष्णता, आणि 2020 च्या कॅसल फायरमध्ये जगातल्या मोठ्या सिक्वोयांपैकी अंदाजे 10 ते 14 टक्के झाडं मेली. एका आगीत! वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला होता.

काही ठिकाणी आता बी टाकायलाच मोठं झाड उरलं नाही. म्हणून नॅशनल पार्कने रोपं लावायचं ठरवलं, तर विरोध झाला, की हे कायद्याने राखलेलं रान आहे, इथे माणसाने ढवळाढवळ करू नये. हा विरोध मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आग विझवणाऱ्यांनाही आपण बरोबरच करतोय असं वाटत होतं. पण हात न लावणं हे तेव्हा ठीक होतं जेव्हा हवा आपण तापवली नव्हती. आता लांब उभं राहून बघणं हाही निर्णयच आहे, फक्त त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

माझं मत, लावा. पण थोडी लावा, चुकलं तर थांबता येईल अशी लावा, आणि त्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्यांना आधी विचारा. बी कुठलं घ्यायचं, त्याच रानातलं की जरा गरम उतारावरचं, हेही आत्ताच भांडून ठरवा. आणि रोप बोटभर असतानाच हेही लिहून ठेवा, की पुढे त्याच्या आजूबाजूला छोटी आग मुद्दाम लावायला कोण जाणार आहे, तेव्हा आपल्यातलं बहुतेक कोणी नसेल.