कंपनी फिटेड की काचेवरचं? गाडीतल्या नकाशाची गोष्ट

[दृश्य: अटल सेतू, सकाळची वेळ, कॅमेरा गाडीच्या आत]

हा अटल सेतू. शिवडी ते न्हावा शेवा, २१.८ किलोमीटर, उद्घाटन १२ जानेवारी २०२४. आता डॅशबोर्डकडे बघा. गाडी जुनी आहे, पुलाच्या बऱ्याच आधीची, स्क्रीन कंपनी फिटेड आणि नकाशा गाडीबरोबर जो आला तोच, कधी अपडेट झालेला नाही. त्या स्क्रीनवर रस्ताच नाहीये, सगळं निळं, आणि त्या निळ्यातून आपला बाण सरळ चाललाय, म्हणजे त्या सिस्टीमच्या हिशोबाने आपण समुद्रात आहोत. शेजारी काचेला लावलेला फोन आहे, त्यावर पूल दिसतोय, पुढचा टोल दिसतोय, उतरायला किती वेळ लागेल तेही दिसतंय.

पण जुन्या सिस्टीमला लगेच नावं ठेवू नका, कारण गाडी कुठे आहे हे तिला अगदी बरोबर कळलंय. इथे रस्ता आहे हे तेवढं तिला कुणी सांगितलेलं नाही. ही दोन कामं वेगळी आहेत, आपण कुठे आहोत ते ओळखणं आणि तिथे रस्ता कोणता आहे ते माहीत असणं, आणि इनबिल्ट विरुद्ध बाहेरून लावलेलं हे सगळं भांडण समजून घ्यायचं असेल तर हा फरक डोक्यात ठेवावा लागतो. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. चार उपग्रहांचा सिग्नल मिळाला की रिसीव्हर स्वतःची जागा काढतो. रस्ता, टोल, डावं वळण, यातलं उपग्रहाला काहीही ठाऊक नसतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, जपान]

सुरुवात मात्र उपग्रहाशिवायच झाली. १९८१ साली जपानमध्ये होंडाने अकॉर्डमध्ये इलेक्ट्रो गायरोकेटर नावाची सिस्टीम दिली. आत हेलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप, गाडी कुठल्या दिशेला किती वळली हे तो ओळखायचा, चाकं किती फिरली त्यावरून अंतर कळायचं, आणि नकाशा म्हणजे पारदर्शक फिल्म, जी छोट्या पडद्यासमोर हाताने सरकवायची. एक नकाशा संपला की दुसरा लावा. चाललं नाही ते फारसं, पण कल्पना बघा किती जबरदस्त आहे, आकाशाकडे न बघता गाडी स्वतःच्या चाकांवरून स्वतःचा पत्ता काढते!

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात इटॅक नावाच्या कंपनीने हेच पुढे नेलं. होकायंत्र, चाकांवरचे सेन्सर आणि नकाशा चक्क कॅसेटवर, मोठ्या शहराला एक कॅसेट पुरायचीच नाही. त्यात एक हुशारी होती जी आजही तुमच्या फोनमध्ये आहे: गाडी वळली म्हणजे ती रस्त्यावरच वळली असणार, म्हणून हिशोब थोडा चुकला तरी बाण जवळच्या रस्त्यावर ओढून आणायचा. मग १९९० मध्ये जपानमध्येच माझ्दाच्या युनोस कॉस्मोमध्ये जीपीएस लावलेलं नॅव्हिगेशन कारखान्यातूनच यायला लागलं.

मग सुटं, खिशात मावणारं यंत्र एवढ्या उशिरा का चाललं? याचं उत्तर मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन सैन्य सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत होतं, जागा शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे जायची. कंपनी फिटेड सिस्टीमला त्याचा तेवढा त्रास नव्हता कारण तिच्याकडे चाकं होती, जायरो होता, ती चूक झाकून टाकायची. सुट्या यंत्राकडे आकाशाशिवाय काहीच नाही, आणि शंभर मीटर म्हणजे शहरात सरळ शेजारचा रस्ता. गार्मिन कंपनीचं स्ट्रीटपायलट हे सुटं यंत्र १९९८ मध्ये आलं होतं, पण खरी वाट मोकळी झाली ती २ मे २०००ला, त्या दिवसापासून ती मुद्दामची चूक काढून टाकली गेली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा निर्णय.

त्यानंतर जे झालं ते भराभर. ॲमस्टरडॅमच्या टॉमटॉमचं गो २००४ला, गार्मिनचं नुवी २००५ला. लायटरच्या सॉकेटमध्ये वायर, काचेवर रबरी वाटी दाबून बसवायची, झालं. ही गाडी विकली तरी यंत्र आपलं, भाड्याच्या गाडीत लावा, मित्राला द्या. कंपनी फिटेडला तेव्हा हजार-दोन हजार डॉलर जास्त मोजायला लागायचे आणि तेही टॉप मॉडेल घेतलं तर.

अमेरिकेत त्या काळात गेलेल्या मराठी लोकांना हे यंत्र चांगलंच आठवत असेल. नवीन गाव, उजव्या बाजूने गाडी चालवायची, एक्झिट चुकला की पुढचा कुठे ते माहीत नाही, आणि अशा वेळी तो शांत आवाज न रागावता सांगायचा की थांबा, नवा रस्ता काढते. ज्यांनी तो काळ एकट्याने काढलाय त्यांना त्या आवाजाची किंमत विचारा. भारतात सुट्टीवर येताना तेच यंत्र आणलं तर मात्र नकाशा कोरा, कारण आत फक्त अमेरिका भरलेली, भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यायचा.

त्रासही होते. चोऱ्या व्हायच्या, यंत्र काढून डिकीत ठेवलं तरी काचेवर वाटीचा गोल डाग राहायचा आणि चोराला कळायचं की आत माल आहे, म्हणून पोलीस सांगायचे की डागही पुसा. कॅलिफोर्नियात तर काचेवर यंत्र लावणंच बेकायदा होतं, १ जानेवारी २००९ पासून खालच्या कोपऱ्यात लावायची परवानगी मिळाली.

[दृश्य: दिल्ली, मग पुण्यातलं कार ॲक्सेसरीजचं दुकान]

आपल्याकडे नकाशाचं काम मोठ्या कष्टाने उभं राहिलं. राकेश आणि रश्मी वर्मा या जोडप्याने १९९५ साली दिल्लीत सुरू केलेल्या कंपनीतून पुढे मॅपमायइंडिया उभी राहिली. ज्या देशात पत्ता म्हणजे "मारुती मंदिराच्या मागे, पिंपळाच्या समोर" तिथे गल्लीबोळ मोजून डिजिटल नकाशा करायचा, आणि तो विकत कोण घेणार हे माहीत नसताना करायचा, हे मला तरी फार मोठं काम वाटतं. त्यांची काचेवर लावायची यंत्रं आली आणि नकाशे गाड्यांमध्येही गेले, २०११च्या महिंद्रा एक्सयूव्ही५००च्या स्क्रीनवर त्यांचाच नकाशा होता.

पण तोपर्यंत खेळ बदलला होता. २८ ऑक्टोबर २००९, गूगलने मोबाईलवर बोलत रस्ता दाखवणारं नॅव्हिगेशन जाहीर केलं, फुकट. गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धाडकन पडले. त्याच्या आदल्याच वर्षी टॉमटॉमने टेली ॲटलास ही नकाशा कंपनी २.९ अब्ज युरोला आणि नोकियाने नॅवटेक ८.१ अब्ज डॉलरला घेतली होती, म्हणजे नकाशातच सगळा जीव आहे हे त्यांना कळलेलं होतं, फक्त तो कुणीतरी फुकट वाटेल असं वाटलं नव्हतं. काचेवरच्या यंत्राची जागा फोनने घेतली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये भारतात गूगल मॅप्समध्ये टू-व्हीलरसाठी वेगळा मोड आला, तेव्हा ज्यांच्या वाहनात इनबिल्ट असं काही नव्हतंच तेही यात आले.

मग कंपनी फिटेड मेलं का? नाही, आणि हे समजायला मुंबईत कोस्टल रोडच्या बोगद्यात या. दोन किलोमीटर, मलबार हिलच्या खालून, आकाश नाही. फोनला उपग्रह दिसत नाहीत, तो अंदाजाने बाण ढकलत राहतो, आत ट्रॅफिक थांबलं तर बाण पुढे जाऊन बसतो. कंपनी फिटेडला चाकांचा वेग थेट मिळतो, गाडी थांबली की बाण थांबतो. छतावरचा अँटेना, त्यामुळे सिग्नलला काचेच्या कोटिंगचा अडथळा नाही, उन्हात तापून बंद पडणं नाही. आणि वरंधा किंवा ताम्हिणी घाटात रेंज गेली, ऑफलाईन नकाशा आधी उतरवलेला नसेल, अशात रस्ता चुकला तर फोन नुसता गोल फिरवत बसतो. गाडीतला नकाशा गाडीतच साठवलेला असतो, त्याला टॉवर लागत नाही.

खरी अडचण वयाची आहे. गाडी पंधरा वर्षं वापरतो आपण आणि नकाशा दोन वर्षांत शिळा होतो. समृद्धीचंच घ्या, नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा जून २०२५ला, म्हणजे या अडीच वर्षांत ज्याने नकाशाचं मेमरी कार्ड बदललं नाही त्याच्या स्क्रीनवर ७०१ किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसती शेतं. अपडेटचे पैसे वेगळे, आणि ते कार्ड कुठे मिळतं हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर बऱ्याचदा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यावर मधला मार्ग निघालाही होता, रेनॉने २००९ मध्ये टॉमटॉमला घेऊन पाचशे युरोच्या आतलं कंपनी फिटेड आणलं, कार्ड काढा, घरी कॉम्प्युटरला लावा, अपडेट करा. अशी साधी सोय सगळ्यांनीच का केली नाही याची मला अजून हळहळ वाटते.

नकाशाच काय, घड्याळही म्हातारं होतं. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येतो, ऑगस्ट १९९९ मध्ये आला तेव्हा जपानमधली कितीतरी कार नॅव्हिगेशन अडखळली, मग एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा तेच. आणि १ जानेवारी २०२२ला जुन्या होंडा गाड्यांच्या स्क्रीनवरचं घड्याळ थेट २००२ मध्ये गेलं, ते ऑगस्टपर्यंत तसंच राहिलं. फोन असता तर रात्रीतून दुरुस्त झाला असता.

म्हणून फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं ॲपलचं कारप्ले २०१४ला आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटो २०१५ला आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. स्क्रीन गाडीचा, नकाशा फोनचा, आणि काही गाड्यांत कारप्लेला गाडीच्या जीपीएसचीही मदत मिळते.

आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे परत पारडं फिरतंय. चार्जिंगला कुठे थांबायचं हे ठरवायला बॅटरीत किती उरलंय, चढ किती आहे, एसी चालू आहे का, हे सगळं लागतं आणि ते गाडीला आतून माहीत असतं. टेस्लाची गाडी तर चार्जर जवळ आला की पोचायच्या आधीच बॅटरी गरम करून ठेवते म्हणजे चार्जिंग लवकर होतं. याच जोरावर २०२३ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही, नकाशा गूगलचाच पण गाडीच्या आत बसवलेला. ग्राहक चिडले, आणि मला त्यांचं पटतं, कारण इंटरनेट जोडलेलं इनबिल्ट आज कितीही छान चाललं तरी त्याची सेवा किती वर्षं मिळणार हे कंपनी ठरवणार. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा चांगल्या धडधाकट गाड्यांच्या जोडलेल्या सेवा गेल्याच की.

[दृश्य: शोरूम]

तर शोरूममध्ये गेलात की स्क्रीन किती इंचाचा हे नंतर विचारा. आधी विचारा की नकाशा कुणाचा आहे, अपडेट फुकट किती वर्षं, सिम आतलं की आपल्या हॉटस्पॉटवर, रेंज नसताना चालतो का, आणि फोन जोडता येतो का. आणि टेस्ट ड्राईव्हला समोरचा सरळ रस्ता सोडून गेल्या वर्षी झालेल्या एखाद्या पुलावर गाडी घ्या, स्क्रीनवर पूल आहे का ते तिथेच दिसेल.