हॉथॉर्नला फुलायला उसंत द्या

मंडळी, आज बोलायचं आहे हॉथॉर्न या कुंपणाला लावायच्या काटेरी झाडाची लागवड आणि निगा यावर. त्याकडे येतेच. पण आधी या दोन फांद्या बघा. एकाच कुंपणातल्या आहेत, सकाळी कापून आणल्यात. उजव्या हातातली फुलांनी लगडलेली आहे, डावीवर नुसता पाला. माती तीच, ऊनपाणी तेच. फरक एवढाच की डावीकडच्या भागावर गेल्या हिवाळ्यात कात्री फिरली होती.

हॉथॉर्न फुलतो तो जुन्या लाकडावर. आदल्या किंवा त्याआधीच्या हंगामातल्या फांद्यांवर आखूड डहाळ्या असतात, फुलांचे घोस त्यांवर येतात. दरवर्षी कुंपण भादरलं की हे लाकूडच उरत नाही. फूल नाही म्हणजे फळ नाही, आणि फळ नाही म्हणजे ऐन थंडीत पक्ष्यांच्या तोंडचा घास गेला.

हे कळायला माझी सात वर्षं गेली. छाटणीचं काम एका ठेकेदाराकडे होतं. पानगळ सुरू झाली की त्याची माणसं यंत्र घेऊन यायची आणि तासाभरात कुंपण भिंतीसारखं सपाट करून जायची. सात वर्षांत एक फूल दिसलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "झाडं म्हातारी झालीत, उपटून टाका." अहो, शंभर वर्षं सहज जगणारं हे झाड! मला ते इतकं लागलं की मी काम थांबवलं. पुढच्या मे महिन्यात फारसं काही झालं नाही. त्याच्या पुढच्या मे महिन्यात मात्र एका कोपऱ्यात पांढरं दिसलं, म्हणून जवळ गेले. पाच गोल पाकळ्या, मधे वीसेक पुंकेसर आणि प्रत्येकाच्या टोकाला गुलाबी ठिपका. एवढं देखणं फूल आपण सात वर्षं उमलूच दिलं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

इंग्लंडमध्ये या झाडाला 'मे' असंही म्हणतात. तिथे वसंताच्या स्वागताला होणाऱ्या १ मेच्या सणाला याच्या फांद्या आणायची जुनी चाल होती. १७५२ मध्ये तिथली दिनदर्शिका बदलली, ११ दिवस गाळले गेले आणि सण ऋतूच्या मानाने तितके दिवस आधी येऊ लागला. झाड बिचारं आपल्या वेळेलाच फुलत राहिलं, त्यामुळे हल्ली १ मेला बहुतेक ठिकाणी कळ्याच असतात. आणि फुलं घरात मात्र आणायची नाहीत; आणली तर घरात मृत्यू येतो अशी समजूत! त्यामागे वास असावा असं मला वाटतं. या फुलांत ट्रायमिथाइलअमीन असतं, शिळ्या मासळीला वास येतो तो त्याच रसायनाचा. माश्यांना मात्र तो आवडतो, परागीभवनात त्यांचाही वाटा असतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर आता भराभर सांगते.

लागवड पानगळीनंतर, झाड झोपेत असताना करा. उघड्या मुळांची रोपं स्वस्त पडतात आणि लागतातही छान, फक्त मुळं वाळू देऊ नका. कुंपणासाठी मीटरला चार-पाच रोपं पुरतात. लावल्यावर रोप वीत-दीड वीत ठेवून छाटायचं, म्हणजे बुडापासून फुटवे येऊन कुंपण दाट होतं. जीव तुटतो, पण छाटा! पहिले दोन उन्हाळे पाणी द्या आणि बुंध्याशी गवत येऊ देऊ नका. माती जवळपास कुठलीही चालते, पाणी साचणारी तेवढी टाळा. सावलीत झाड जगतं, फुलं मात्र उन्हातच भरपूर येतात.

बी पेरणार असाल तर धीर धरा. आधी ऊब आणि मग थंडी मिळाल्याशिवाय ते उठत नाही. उगवायला दीड वर्षही लागतं.

कोवळे शेंडे भाजल्यासारखे काळे पडून वाकले तर तो फायरब्लाइट, जिवाणूंचा रोग. दिसणाऱ्या डागाच्या निदान फूटभर खाली कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री निर्जंतुक करा.

आता छाटणी, ज्यासाठी मी आले. कुंपणाचे तीन भाग करा आणि दर हिवाळ्यात एकच छाटा. बाकीचे दोन फुलतील, फळतील. फळं पक्ष्यांनी संपवली की मगच कात्री काढा आणि घरट्यांच्या दिवसांत कुंपणाला हात लावू नका. खाली विरळ झालेलं जुनं कुंपणही उपटायचं नाही. खोड बुंध्याशी तिरकं कापत न्यायचं, साल आणि थोडं लाकूड राखायचं आणि ते अलगद आडवं निजवायचं. तेवढ्या पट्टीवर ते जगतं आणि कापाशी नवे कोंब येतात.

दोन्ही फांद्या इथे टेबलावर ठेवते. जवळून बघा, वास घ्या. उचलताना मात्र जपून, काटे पाल्याआड दडलेले आहेत.