कादंबरी लिहून झाली, म्हणजे काय झालं?
(ठाण्यात नवोदित लेखकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

"कादंबरी लिहून झालीय, जरा शुद्धलेखन तेवढं बघून द्या," असं म्हणत लोक माझ्याकडे फाइल पाठवतात. ठाण्यात 1893पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वाचणाऱ्यांची इथे वाण नाही आणि लिहिणाऱ्यांची तर नाहीच. पण संपादन वेगळं आणि मुद्रितशोधन वेगळं, हे अजून अनेकांच्या गळी उतरत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघणं हे अगदी शेवटचं काम. संपादन त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि ते लेखकाला पुन्हा लिहायला बसवतं. बसवलं नाही, तर ते संपादनच नव्हे.

एक उदाहरण देते. एका हस्तलिखितात नायक 1985 साली ठाण्याहून लोकलने वाशीला निघतो. गाडीत जुनी मैत्रीण भेटते, आणि पुढची चाळीसेक पानं त्या गप्पांवर उभी. आता 1985 मध्ये वाशीला रेल्वे होती कुठे? मानखुर्दहून वाशीला लोकल आली 1992 मध्ये, ठाण्याहून तर 2004 मध्ये! लेखक म्हणाले, "मग लोकलच्या जागी बस घालू या की." घालायला काय, मिनिटाचं काम. पण लोकलमध्ये ती दोघं खिडकीशी समोरासमोर बसली होती. बस निघणार कळवा पुलावरून, विटाव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागणार, दुतर्फा कारखाने, पाळी नुकतीच सुटलेली. दोघं दांडीला लोंबकळतायत, मध्ये तिसऱ्याच कुणाचा तरी जेवणाचा डबा. अशात बालपणीच्या आठवणी कोण काढतं?

लेखकाने प्रसंग नव्याने लिहिला. आता ती बोलतच नाही. रबाळ्याला उतरताना तिच्या पर्सला लावलेला कंपनीचा बिल्ला त्याला दिसतो, आणि ती नोकरी करते हे त्याला तेव्हा कळतं. निम्मी पानं गेली. खरी अडचण सालाची नव्हतीच. बसायला जागा होती म्हणून पात्रं बोलत सुटली होती, एवढंच. साल चुकलं नसतं तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

'मौज' प्रकाशनात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना असं पुन्हा पुन्हा लिहायला लावत. आज फार थोड्या प्रकाशकांना तेवढी सवड आहे. तेव्हा निदान एक करा: कुठल्या प्रकरणात कोणतं साल, कोणाचं वय किती, कोण कुठे राहतं, याचा तक्ता स्वतःच मांडा. कंटाळवाणं काम आहे, पण कथानकातली भोकं तिथेच दिसतात.

प्रुफांबद्दल थोडक्यात. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फाँटमध्ये नेला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. म्हणून छपाईसाठी पानांची मांडणी झाल्यावर पुन्हा वाचायचं, आणि तेव्हा नवा परिच्छेद घालायचा मोह आवरायचा. पुस्तक साधारणपणे सोळा पानांच्या फॉर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम, असं छापतात. 320 पानं म्हणजे नेमके वीस फॉर्मे. तुमच्या दोन ओळींनी 321वं पान उघडलं, की प्रकाशकाचं गणित कोलमडतं.

आता करार. इथे लेखक फारच भिडस्त असतात. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट या प्रत्येकाचा उल्लेख वेगळा हवा. 'सर्व हक्क' एवढ्यावर भागवू नका. मानधनाचा टक्का छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हातात पडणाऱ्या रकमेवर, हेही विचारा. दुकानदाराचं कमिशन वजा झालं की दोन्हींत बराच फरक पडतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, पैसे देऊन पुस्तक काढावं का? काढा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त समोरचा प्रकाशक नसून छपाईचं काम करून देणारा आहे, हे धरून चाला. प्रती किती, कागद कोणता, छपाईची अंतिम फाइल कोणाकडे राहणार, हे आधी लिहून घ्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर स्पष्ट नाही म्हणा. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो क्रमांक फुकट देते. आणि संपादनाचा खर्च त्या पॅकेजात धरला आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना तुमच्या कादंबरीतल्या दुसऱ्या प्रकरणावर चार प्रश्न विचारायला सांगा.