दाराला लागणारी जागा

(काळा पडदा. तळघरातल्या एक्झॉस्ट पंख्यांची घरघर. लांबून रिव्हर्सचा बीप.)

गाडी माझी. जागा रीतसर मिळालेली. किल्ली हातात. आणि तरी ३५ मिनिटं मी माझ्याच गाडीबाहेर बसून होते, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन.

गाडीच्या उजव्या अंगाला, पिवळ्या तिरक्या पट्ट्यांवर, कुणीतरी बुलेट लावून गेलं होतं. हँडल लॉक करून. बुलेट उचलून सरकवायची तर दोन माणसं हवीत, आणि त्या वेळी तळघरात सिक्युरिटीचे काका एकटेच. मालक आला तेव्हा त्याला मनापासून आश्चर्य वाटलं. म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी नीट लागलीय ना तुमच्या चौकोनात? मी बाजूच्या मोकळ्या जागेत लावली."

थापा मारत नव्हता बिचारा. त्याला ती जागा खरंच मोकळी दिसली होती.

(शीर्षक.)

(दिवसा, तेच तळघर. जमिनीवर उलगडत जाणारी मोजपट्टी.)

हे पुण्यातल्या एका मॉलचं तळघर. नाव सांगत नाही, कारण शहरातल्या कुठल्याही तळघरात कॅमेरा लावला असता तरी हेच दिसलं असतं.

साधी मोटार लावायला आपल्या नियमावलीत २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरतात. ही अपंगांसाठी राखीव जागा ३.६ मीटर रुंद आहे. महाराष्ट्राची जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली आली, तिच्यात तसं लिहिलंय: दोन गाड्यांसाठी अशा दोन जागा, प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, आणि ती राखीव असल्याचं ठळक दिसेल अशी पाटी.

३० मीटर का, ते कुणालाही कळतं. ३.६ मीटर का, हे मात्र गाडी चालवणाऱ्या दहाजणांना विचारा. "मोठी गाडी असेल म्हणून," असं मला एकाने सांगितलं होतं. माझी गाडी साधी हॅचबॅक आहे.

(गाडीच्या आतून. स्टिअरिंगखालची दांडी. डावा हात.)

मी दोन वर्षांची असताना, १९७६ साली, मला पोलिओ झाला. आधी कॅलिपर आणि कुबड्या. चाळिशीनंतर खांद्यांनी संप पुकारला, तेव्हापासून व्हीलचेअर. गाडी हाताने चालवते. ही दांडी पुढे ढकलली की ब्रेक, खाली दाबली की ॲक्सिलरेटर. शिकायला पंधरा दिवस लागले. पार्किंग शिकायला त्याहून जास्त, आणि ते अजून चालूच आहे.

आता उतरते. मध्ये काही कापलेलं नाही, घड्याळ लावून बघा.

दार पूर्ण उघडायचं. निम्मं उघडून भागत नाही. शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा उचलायचा, स्टिअरिंग आणि छाती यांच्या फटीतून माझ्या अंगावरून बाहेर काढायचा आणि जमिनीवर टेकवायचा. मग मागच्या सीटवरचं एक चाक. मधली कळ दाबून आसात बसवायचं, 'टक्' ऐकू आलं पाहिजे. मग दुसरं. मग उशी. खुर्ची दाराला तिरकी भिडवायची, दोन्ही ब्रेक लावायचे, एक हात सीटवर, एक खुर्चीवर, आणि उडी. उडीच म्हणायची तिला. फिजिओथेरपीवाले 'ट्रान्स्फर' म्हणतात.

हे सगळं त्या पिवळ्या पट्ट्यांवर होतं. गाडी चौकोनात उभी असते, मी पट्ट्यांवर उतरते. पट्टे अडले तर चौकोनाचा मला काडीचा उपयोग नाही.

एक गंमत सांगते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि बऱ्याच ठिकाणी पट्टा आखलेला असतो डावीकडे. आखणाऱ्याने कधी खुर्ची बाहेर काढलेली नसते, दुसरं काय. तिथे मी गाडी रिव्हर्स घालते, म्हणजे माझं दार पट्ट्याकडे येतं. मागून येणारे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

(जमिनीवरचं निळं चिन्ह. टायरच्या खुणा.)

हे चित्र सुसान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ साली काढलं. तिच्या मूळ आराखड्यात नुसती रिकामी खुर्ची होती. माणूस दिसत नाही म्हणून पुढच्या वर्षी कार्ल मॉन्टन यांनी वर एक गोल काढला आणि खुर्चीला डोकं आलं. आमच्या तळघरातल्या चित्राचं डोकं टायरखाली झिजून गेलंय. पुन्हा मूळ आराखड्यावर आलंय ते.

(सिक्युरिटीच्या खुर्चीवर डबा, पाण्याची बाटली, शिट्टी.)

आता काकांची बाजू. ते कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हते. नोकरी कंत्राटी आहे, त्यामुळे त्यांचे फक्त हात दिसतील. बारा तासांची पाळी. गाव लातूरकडचं.

काकांना विचारलं, लोक काय सांगतात? त्यांना सगळं पाठ आहे. "दोनच मिनिटं." "मी गाडीतच बसलोय की, कोण आलं तर काढतो." "रिकामीच तर होती." "ओळखतो का मला?" आणि अलीकडचं नवीन: "वरच्या मॅनेजरला फोन लावू?"

"ताई," काका म्हणाले, "पांढऱ्या मोठ्या गाडीतल्या माणसाला मी काय विचारू? तुम्ही अपंग आहात का, असं? तो मला मारंल."

हसू आलं मला. नंतर जाणवलं, प्रश्न बरोबर आहे. त्यांनी विचारायचं तरी काय? आणि तो माणूस "हो" म्हणाला, तर बघायचं काय?

यावर काकांनी स्वतःच तोडगा काढला. जागेच्या मधोमध एक केशरी कोन ठेवला. झकास. आता कुणीच तिथे गाडी लावत नाही. मीसुद्धा नाही, कारण तो कोन उचलायला मला गाडीतून उतरावं लागेल, आणि उतरायला तीच जागा लागेल. मग मी हॉर्न वाजवते. काका वरच्या गेटवर असले की ऐकू जात नाही. मी दिवे लावून, हॉर्न मारत थांबते, आणि मागे रांग लागते. रांगेतल्या लोकांना वाटतं, या बाईला गाडी लावता येत नाही.

(एका रुग्णालयाचं आवार, लांबून. पाट्या अस्पष्ट.)

इथे शेजारी-शेजारी दोन पाट्या आहेत. एक 'डॉक्टरांसाठी राखीव', दुसरी आमची. रंग एकच, गार्ड एकच, साखळी कुठेच नाही. आम्ही सकाळी तीन तास बसलो होतो. डॉक्टरांच्या जागेत डॉक्टरांखेरीज कुणी गाडी घातली नाही. आमच्या जागेत एकापाठोपाठ चार जण येऊन गेले, एक तर रुग्णालयाचीच सामानाची गाडी. पाटी वाचता येत नाही, असं कुणी म्हणू नये.

(पुन्हा तळघर. संध्याकाळ.)

आता माझी चूक सांगते. माहितीपट माझा आहे म्हणून ती गाळणार नाही.

चारेक वर्षांपूर्वी याच जागेत एक गाडी येऊन लागली. पंचविशीतला मुलगा उतरला. जीन्स, बूट, कानात इयरफोन. तरातरा चालत लिफ्टकडे निघाला. मी हाक मारली आणि त्याला चांगलं झापलं. लाज वाटत नाही का, धडधाकट आहेस, वगैरे. आजूबाजूचे दोघं-तिघं थांबले, त्यांनीही आवाज चढवला. मुलगा काही बोलला नाही. खाली वाकला आणि जीन्सचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर केला.

जयपूर फूट होता.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे मावशी, सवय आहे." त्या 'सवय आहे'ने मला फार दिवस झोप नीट लागली नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्या पायांकडे बघून माझा हिशेब केला. संधी मिळताच मीही तेच केलं.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे. यातलं कितीतरी चालताना दिसत नाही. (सरकारी कागदावर मी दिव्यांग. घरी, बोलताना, अपंगच. माझ्या अंगात दिव्य काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.)

मग ओळखायचं कसं? आपल्याकडे यूडीआयडी कार्ड आहे, स्वावलंबन कार्ड म्हणतात ते. त्यावर फोटो, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, सगळं. पण ते पाकिटात ठेवायचं कार्ड. माझे टक्के मी काचेवर लावून शहरभर का फिरावं? आरटीओत गाडी 'दिव्यांगजन' या मालकी प्रकारात नोंदवायची सोय २०२० साली झाली. चांगलंय, पण ती नोंद गाडीची, आणि काकांना ती काचेतून दिसत नाही. काचेवर दिसतो तो स्टिकर. स्टिकर कोपऱ्यावरचा रेडियमवाला कुणालाही कापून देतो, 'आई तुझा आशीर्वाद'च्या शेजारी.

(व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर एक डॅशबोर्ड, त्यावर निळं कार्ड.)

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या सासूबाईंना तिकडचा ब्लू बॅज, म्हणजे अपंगांचा पार्किंग परवाना, मिळालाय. १९७० साली आल्फ मॉरिस या खासदाराने मांडलेल्या विधेयकातून ही पद्धत निघाली. आधी बॅज केशरी होता, २०००पासून निळा. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. सासूबाई मुलाच्या गाडीत बसल्या तर तिथे, शेजाऱ्याच्या गाडीत बसल्या तर तिथे. डॅशबोर्डवर ठेवायचा, फोटोची बाजू खाली. म्हणजे गार्डला मुदत दिसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला चेहरा दिसत नाही. २०१९पासून इंग्लंडमध्ये न दिसणारी अपंगत्वंही त्यात धरतात. गैरवापराला १००० पौंडांपर्यंत दंड.

तिकडे सगळे साधू आहेत असं नाही. बहीण सांगते, घरातल्या म्हाताऱ्यांचा बॅज घेऊन एकटेच बाजारात जाणारे आहेत. वारलेल्या आजोबांचा बॅज वापरणारेही पकडले जातात. पण पकडले जातात, कारण पकडायला काहीतरी आहे. आपल्याकडे गैरवापर करणाऱ्याला "परवाना दाखव" म्हणताच येत नाही. देशभर चालेल असा एकच परवाना माझ्याकडेही नाही!

(कायद्याचं पान. बोट एका ओळीवर.)

दंड आपल्या कायद्यातही आहे. त्याच २०१६च्या कायद्यातलं कलम ८९. कायद्याचा भंग केला तर पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा केला तर ५०,००० ते ५ लाख. पार्किंगसाठी हे कलम कुणाला लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला. सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना अडथळ्याविना वावरता येण्याचे, निकष नियमांत नुसती शिफारस म्हणून ठेवणं कायद्याला धरून नाही, ते सक्तीचे करा, असं सरकारला सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन. याचिका २००५ सालची. मी वाचलं तेव्हा पहिलं मनात आलं, एकोणीस वर्षं! माझा पुतण्या त्या याचिकेहून लहान आहे, आणि तो आता गाडी चालवतो.

(तळघर. संध्याकाळचे सव्वासहा. गर्दी.)

आजची गोष्ट. जागेत गाडी आहे, पार्किंगचे चारही दिवे लुकलुकतायत. आत कुणी नाही. काकांनी नंबर वर कळवला, माईकवर पुकारा झाला. मी रॅम्पच्या कडेला थांबलेय. सव्वासहा. सहा बावीस. सहा एकतीसला एक बाई धावत आल्या, हाताला धरून सासूबाईंना आणत होत्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले, दर दोन पावलांना थांबत होत्या.

बाई म्हणाल्या, "सॉरी हां, यांना इतकं चालवत नाही हो. कुठे लावणार?"

मला उत्तर सुचलं नाही. कार्ड असतं तर कदाचित सासूबाईंना मिळालं असतं, कदाचित नसतं. मी म्हटलं, "आरामात बसवा त्यांना. मी थांबलेय."

त्यांना बसवायला पाच मिनिटं लागली. दार पूर्ण उघडावं लागलं. पाय आधी, मग कंबर, मग काठी. पिवळ्या पट्ट्यांवर उभं राहूनच.

(गाडी निघते. दुसरी आत येते, रिव्हर्समध्ये. हॉर्न.)

दार. सांगाडा. डावं चाक, टक्. उजवं चाक, टक्. उशी.

काका कोन हातात धरून पट्ट्यांच्या तोंडाशी उभे आहेत. रॅम्पवरून एक स्कूटर खाली येतेय, इंडिकेटर डावीकडे, आमच्याकडे.

"ओ दादा," काका म्हणतात, "पुढं, पुढं."

(स्कूटर थांबते. दृश्य तसंच राहतं. नामावली.)